सुबोधच्या वाट्याचे तांदूळ

रविवारी कोंबडी-वडे करायचे हे सुनंदाबाईंनी शुक्रवारीच जाहीर करून टाकलं होतं. धाकटी भावजय दीप्ती येताना पर्समधून दोन फॉर्म आणणार आहे, हे मात्र सुलक्षणाने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच नाही. आईला सांगितलं असतं तर सकाळपासून तिचं डोकं दुखलं असतं, मग वडे बिघडले असते आणि सगळ्याचं खापर सुलक्षणावर फुटलं असतं.

सुट्टीवर आलेला मोठा भाऊ सुबोध गॅलरीत उभा राहून फोनशी बोलत होता. न्यू जर्सीतल्या त्याच्या मित्रांचा एक ग्रुप होता. सगळे इकडच्याच उपनगरांतून गेलेले, कोणी मुलुंडचा, कोणी घाटकोपरचा. जो कोणी सुट्टीवर येईल त्याने तिकडच्यांना इकडचा हालहवाल बोलून पाठवायचा असा त्यांचा रिवाज होता, आणि सुबोधला बोलायला आवडायचं.

"मित्रांनो, ऐका. विमानतळावरून दहिसरला येईपर्यंत नऊ बोर्ड मोजले, नऊ योजनांचे. सिमकार्ड घ्यायला गेलो तर त्याने माझा फोटो काढला, मग कागदाचा काढला, मग माझा पुन्हा काढला. काल आईला घेऊन बँकेत गेलो. आईचा अंगठा, आईचा चेहरा, आई जिवंत असल्याचा दाखला! अरे, बाई समोर उभी आहे ना! सरकार वाढतंय यार, वाढतच चाललंय. आणि बोलणार कोण? महिन्याला फुकट तांदूळ मिळतात ना. तांदूळ दिले की यांची तोंडं बंद."

आत कढईत वडा टाकताना सुलक्षणाचा हात थांबला. तेल तापलं होतं म्हणून तिने वडा सोडला, नाहीतर बाहेर जाऊन तिने त्या फोनलाच दोन शब्द ऐकवले असते. तांदूळ म्हणे!

आठ वर्षांपूर्वी ती वसईहून एक बॅग घेऊन या घरात आली, ती परत गेली नाही. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. सासूने एक काम अगदी तत्परतेने केलं, तिचं नाव त्यांच्या रेशनकार्डावरून कमी करून घेतलं आणि तसा दाखला पोस्टाने पाठवून दिला. तो दाखला सुलक्षणाने कपाटात साडीच्या घडीत ठेवला होता. त्या कार्डावर ती नाही, आईच्या कार्डावरही ती नाही. आईच्या कार्डावर दोनच नावं होती. एक सुनंदाबाईंचं आणि दुसरं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेल्या सुबोधचं.

एवढे दिवस चाललं. आता चालणार नव्हतं. पोटातली गाठ मोठी झाली होती, दर महिन्याला अंगातलं रक्त निम्मं जात होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वीस तारखेला ऑपरेशन ठरवलं होतं आणि सांगितलं होतं, "योजनेत बसवते तुम्हाला, फक्त रेशनकार्डावर नाव पाहिजे." आज आठ तारीख होती.

"सुलु, वडे जळतायत गो," आई आतून ओरडली.

"जळू देत," सुलक्षणा म्हणाली, आणि तिने वडा उलटला.

*

प्रीतम आणि दीप्ती बोरिवलीहून आले तेव्हा साडेबारा झाले होते. प्रीतम राऊळांचा धाकटा. भांडण दिसलं की त्याला हटकून पार्किंग आठवायचं. दीप्ती त्याच्या अगदी उलट. ती शिधावाटप कार्यालयात क्लार्क होती. दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाचंही ऐकून घ्यायची नाही.

जेवताना सुबोधचं चालूच होतं. वड्याचा तुकडा रश्शात बुडवत तो म्हणाला, "दीप्ती, खरं सांग. तुमच्या ऑफिसात आधी किती माणसं होती, आता किती आहेत?"

"आधी चौदा होती, आता सहा आहेत भाऊजी."

"बरं, माणसं नाहीत तर मशीन वाढली असतील. म्हणजे वाढलंच ना! आधी कार्ड दाखवलं की तांदूळ मिळायचे. आता तुमचं सरकार म्हणतं अंगठा दाखवा. उद्या म्हणेल जीभ दाखवा."

"अंगठा दाखवल्याशिवाय लोक मेलेल्यांचेही तांदूळ नेत होते," दीप्ती म्हणाली. "गेल्या महिन्यात एका कार्डावर मला तीन सासवा सापडल्या."

प्रीतम हसला. सुबोध हसला नाही.

"मला ते विनोदी वाटत नाही गं. तुला माहीत नाही, तू तेव्हा या घरात नव्हतीस. माझ्या पासपोर्टच्या वेळी रहिवासाचा दाखला हवा होता. बाबा गिरणीतून सुटले की थेट त्या कचेरीत जायचे. अकरा फेऱ्या. अकराव्या वेळी मी सोबत होतो. त्या क्लार्कने बाबांकडे न बघता सांगितलं, 'साहेबांना चहा आण.' आणि बाबा गेले. चहा घेऊन आले, टेबलावर ठेवला, फडक्याने टेबल पुसलं. मग दाखला मिळाला. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं, इथे राहायचं नाही."

ही गोष्ट प्रीतमलाही ठाऊक नव्हती. सुनंदाबाईंना होती. त्यांनी सुबोधच्या ताटात न विचारता आणखी एक वडा टाकला.

दीप्तीने पाण्याचा घोट घेतला. बाबांना तिने फोटोतच पाहिलं होतं. तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण तो क्लार्क ज्या खुर्चीत बसला होता तसल्याच खुर्चीत तीही बसायची. तिने आजवर कुणाला चहा आणायला पाठवलं नव्हतं. उलट मागच्या आठवड्यात एका म्हातारीचा अंगठा मशीन घेईना, तेव्हा दीप्तीनेच तिचा हात साबणाने धुऊन दिला होता. पण हे सगळं भाऊजींना सांगून काय उपयोग? ते मंगळवारी रात्रीच्या विमानाने जाणार. खुर्चीत ती राहणार, रांगेत सुलुताई.

"भाऊजी, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आता एक काम आहे, ते आजच करायचंय." आणि तिने हात धुऊन पर्स उघडली.

*

फॉर्म दोनच होते. एक नाव कमी करायचा, एक नाव वाढवायचा. कुटुंबप्रमुख म्हणून दोन्हींवर सुनंदाबाईंची सही हवी होती.

"वाढवायच्या फॉर्मवर सुलुताईंचं नाव," दीप्ती म्हणाली. "आणि कमी करायच्या फॉर्मवर भाऊजींचं."

सुनंदाबाई पदराला हात पुसत उठल्या आणि परत बसल्या. "सुबोधचं? तो काय मेला?"

"आई, तसं नसतं हो. जो इथे राहत नाही त्याचं नाव—"

"मेलेल्याचं नाव कमी करतात. ह्यांचं केलं. नाहीतर लग्न होऊन गेलेल्या मुलीचं करतात. जिवंत मुलाचं नाव कापलेलं मी बघितलं नाही." मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आणि कापायची गरजच काय? तो आलाय ना! मी रेशनच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय. उद्या सकाळी सुबोध माझ्याबरोबर येईल, मशीनवर अंगठा देईल, झालं काम. म्हणून तर मी ह्याला म्हणत होते, दिवाळीपर्यंत थांबू नको, आत्ताच ये."

सुबोधने बोट चाटायचं थांबवलं. "मला त्यासाठी बोलावलंस?"

"एक अंगठा तर द्यायचाय."

"आई, माझा अंगठा तुमच्या मशीनमध्ये नाहीच आहे. मी तिकडचा नागरिक आहे, तेरा वर्षं झाली. मला इथलं रेशनकार्ड ठेवता येत नाही, गुन्हा आहे तो!" मग तो दीप्तीकडे वळला. "आणि हे नाव अजून आहेच कसं? तुमचं सरकार एवढं सगळं जोडतं, तपासतं, मोजतं. त्याला एवढं कळलं नाही?"

"आता कळलंय," दीप्ती म्हणाली. "म्हणून कार्ड अडवलंय. प्रत्येक नावाची तपासणी झाल्याशिवाय त्या कार्डावर नवीन नाव चढत नाही. तुमचं नाव निघालं नाही तर ताईंचं चढणार नाही. आणि वीस तारखेला त्यांचं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?"

सुलक्षणाने त्याला चार वाक्यांत सांगितलं. भावाशी पोटातल्या गाठीबद्दल बोलायची तिला लाज वाटत नव्हती. एवढे दिवस त्याने विचारलं नव्हतं, याचंच वाईट वाटत होतं.

"वेडी आहेस का तू?" सुबोध म्हणाला. "मला एक फोन करायचा. सरकारी दवाखाना कशाला, योजना कशाला? पवईला चांगलं हॉस्पिटल आहे, उद्या जाऊ. सगळं मी बघतो. या फॉर्मांचं नावसुद्धा काढू नका."

सुनंदाबाईंना जीव आला. "बघ! सुटला प्रश्न. देवासारखा धावला गो भाऊ."

"बेस्ट आयडिया दादा," प्रीतम म्हणाला.

झालं! एका मिनिटात आई, मोठा भाऊ, धाकटा भाऊ एका बाजूला आणि सुलक्षणा दुसऱ्या बाजूला. दीप्ती फॉर्म हातात धरून तशीच उभी होती. तिने नणंदेकडे पाहिलं. दोघींचं एरवी फार जमायचं असं नाही. सुलक्षणाला दीप्तीची भाजी पाणचट वाटायची आणि दीप्तीला सुलक्षणाचा स्वभाव तिखट. पण दीप्तीने फॉर्म काही पर्समध्ये परत ठेवले नाहीत.

"नको," सुलक्षणा म्हणाली.

"काय नको?"

"तुझं हॉस्पिटल नको. मी वीस तारखेला माझ्या नावावर जाणार."

"अगं, पण का? सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणूनच नको. हे ऑपरेशन तू करशील. मग रक्ताच्या गोळ्या, मग तपासण्या, मग आणखी काही. दर वेळी मी तुला फोन करायचा. तू मीटिंगमध्ये असशील, वहिनी उचलतील, मी त्यांना सांगायचं, जरा दादाला सांगा. बाबांनी एकदा चहा आणला म्हणून तू देश सोडलास ना? मग मला का जन्मभर चहा आणायला लावतोस?"

"सुलु!" आई ओरडली.

"ओरडू नको आई, मला बोलू दे. रांगेत उभं राहायची मला लाज नाही वाटत दादा. रांगेत माझ्यापुढे वीस बायका असतात, त्यांचं जे होतं ते माझं होतं. डॉक्टरीणबाई मला उपकार म्हणून तपासत नाहीत, नाव असलं की तपासतात. मला फक्त ते नाव पाहिजे. तू तिकडे बसून सांगतोस सरकार फार वाढलं. असेल वाढलं. माझ्यापर्यंत अजून आलेलं नाही ते!"

सुबोध खुर्चीत मागे टेकला. त्याला वाटलं, हिला कळत नाही मी हिच्या भल्याचं बोलतोय. "मी कुणाचा अपमान केला नाही. माझं म्हणणं एवढंच, की सरकारच्या फुकट तांदळावर जगायची सवय लागली की—"

"कुणाच्या तांदळावर?" सुलक्षणा उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालचा पत्र्याचा डबा ओढत बाहेर घेऊन आली. फरशीवर त्याचा करकर आवाज झाला. तिने झाकण काढलं. डबा अर्धा भरलेला होता.

"हे बघ. कार्डावर दोन नावं. आईचे पाच किलो, तुझे पाच किलो. दर महिन्याला. आईचे त्या डब्यात, तुझे ह्या डब्यात. आई आपल्या डब्यातून आपला भात करते आणि तुझ्या डब्यातून माझा. आठ वर्षं दादा! आठ वर्षं मी तुझ्या नावाचा भात खातेय. फुकटचे तांदूळ कोण उचलतंय ते तुझ्या ग्रुपवर सांग. न्यू जर्सीचा सुबोध धोंडू राऊळ उचलतोय."

प्रीतम पुटपुटला, "गाडी जरा नीट लावली नाही वाटतं मी," आणि दाराकडे निघाला.

"बस खाली," दीप्ती म्हणाली. तो बसला.

*

सुबोध त्या डब्याकडे बघत होता. जाड, थोडे पिवळसर तांदूळ होते. लहानपणी हेच तांदूळ निवडायला आई त्याला आणि सुलुला बसवायची. खडा जास्त कुणाला सापडतो यावर पैज लागायची आणि सुलु बाहेरून खडे आणून फसवायची.

नाव कमी कर, असं म्हणणं त्याला खरं तर सोपं होतं. तो स्वतःच तर म्हणत होता, गुन्हा आहे तो. सरकारने त्याच्या वाट्याला जाऊ नये, त्याचं नाव, त्याचा अंगठा, त्याचा चेहरा कुठल्याही वहीत ठेवू नये, हे त्याने ग्रुपवर शंभर वेळा सांगितलं होतं. मग आता 'काढा नाव' एवढे दोन शब्द तोंडातून का निघत नव्हते? दहिसरच्या एका मळक्या कार्डावर आपण अजून आहोत, हे त्याला अर्ध्या तासापूर्वीपर्यंत माहीतही नव्हतं. आणि आता ते जाऊ नये असं त्याला वाटत होतं.

"आणखी काही मार्ग नाही का दीप्ती?" त्याने विचारलं. "म्हणजे, माझं राहू दे आणि हिचंही येऊ दे, असं? तुझी ओळख असेल ना वरती?"

दीप्तीला हसू आलं. तिने ते आवरलं. "भाऊजी, ओळखीने काम करणारं सरकार तुम्हाला नको होतं ना?"



सुनंदाबाईंचं लक्ष डब्याकडे होतं. सुलक्षणाचं लग्न झालं त्या वर्षी यजमान स्वतः तिचं नाव कमी करायला गेले होते. काम एका फेरीत झालं, मुलीचं नाव कापायला कुणी चहा मागत नाही. येताना ते पेढे घेऊन आले आणि चाळीत वाटले. मुलगी मार्गी लागली म्हणून. सुनंदाबाईंनी स्वतः चार खाल्ले होते. त्या दिवशी कापलेल्या नावाचं त्यांना काहीसुद्धा वाटलं नव्हतं. सुबोध गेला तेव्हा मात्र त्यांनी यजमानांना बजावलं होतं, कार्डाला हात लावाल तर बघा. मुलगा परत यायचाय. मुलगी परत आली तेव्हापासून आठ वर्षं त्या शेजाऱ्यांना सांगत होत्या, आलीय चार दिवस, माझी तब्येत बरी नसते ना. कार्डावर नाव चढवलं की ती कायमची आली हे उघड झालं असतं.

"सुबोध," त्या म्हणाल्या. "तू आल्यापासून म्हणतोयस, तुमचं सरकार, तुमचं मशीन, तुमचं बँकेचं नाटक. सकाळी तू फोनवर म्हणालास, यांची तोंडं बंद. यांची म्हणजे कोणाची रे? आमची?"

"आई, ती बोलायची पद्धत असते."

"अठ्ठावीस वर्षं मी समजत होते तू तिकडे कामाला गेलायस. तू तिकडचाच झालास. झालास तर झालास, मी रडत नाही. पण जो 'आपलं सरकार' म्हणत नाही, त्याचे तांदूळ मी उचलते आणि जी रोज माझे पाय चेपते तिला मी पाहुणी म्हणून सांगते. वाट लागली माझ्या अकलेची." त्यांनी हात पुढे केला. "दीप्ती, पेन दे. आधी वाढवायचा दे."

"आई, आधी कमी करायचा द्यावा लागतो," दीप्ती हळूच म्हणाली.

"तुझ्या ऑफिसात लागत असेल. माझ्या घरात आधी वाढवायचा."

प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही होती ती. एकेक अक्षर त्या कोरत बसल्या. सुलक्षणा धोंडू राऊळ, असं वर दीप्तीने लिहून ठेवलंच होतं, त्याखाली सुनंदा धोंडू राऊळ. सुलक्षणाने साडीच्या घडीतला दाखला आणून फॉर्मला टाचणी लावली. टाचणी तिने दीप्तीला लावू दिली नाही.

मग दुसरा फॉर्म. सुनंदाबाईंनी पेन टेकवलं आणि थांबल्या. सुबोध उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, केस रंगवलेले, आणि आवाज असा निघाला की प्रीतमने मान खाली घातली.

"आई, म्हणजे आता या घरात माझं नाव कुठेच नाही?"

सुनंदाबाईंनी सही पूर्ण केली. शेवटचं अक्षर काढून झालं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि रागात असोत वा मायेत, त्यांच्या तोंडी गावचीच बोली यायची.

"मेल्या, तुका जन्माक घातलंय ता काय सरकाराक इचारून? तर तुका कापूक सरकार कोण?" त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. "ऊठ. खाली जा आणि पेढे घेऊन ये. अर्धा किलो. हिचं नाव कापलं तेव्हा ह्यांनी वाटले होते, आता मी वाटणार. अख्ख्या बिल्डिंगला."

*

नाक्यावरच्या दुकानात गर्दी नव्हती. ग्रुपवर अकरा मेसेज येऊन पडले होते. मुलुंडचा यज्ञेश विचारत होता, "पुढे काय झालं रे? अजून सांग ना सरकारचं." सुबोधने फोन खिशात टाकला.

"अर्धा किलो पेढे," तो म्हणाला.

म्हाताऱ्या दुकानदाराने त्याला निरखून पाहिलं. "धोंडूशेठचा मोठा ना तू? अमेरिकेवाला? काय विशेष, प्रमोशन?"

"नाही. बहिणीचं नाव लागलं."

"कुठल्या यादीत?"

सुबोधने खोका हातात घेतला.

"आमच्या कार्डावर," तो म्हणाला.